चंदा लटारू मेश्राम : नग दोन

पोर्टलनं मला विचारलं, "सदर दोन नोंदी भिन्न नसल्याचे अमान्य करावयाचे नाही काय?" आणि खाली दोन चौकोन दिले. एकात 'होय', दुसऱ्यात 'नाही'.

मी ते वाक्य चार वेळा वाचलं. मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस आहे मी. आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई सुटीवर असल्या की समासही मीच शिकवतो. पण या वाक्यात नकार किती आणि ते एकमेकांना कसे कापतात, हे बोटांवर मोजेपर्यंत लॅपटॉपची बॅटरी सात टक्क्यांवर आली. चौदा वर्षं सरकारी कागदांना 'होय' म्हणायची सवय लागलेल्या बोटानं माझ्या आधीच निर्णय घेऊन टाकला.

"दोन नोंदी यशस्वीरीत्या एकत्रित करण्यात आल्या," असं हिरव्या अक्षरात आलं, आणि बॅटरी संपली.

हे सगळं मी पाण्याच्या टाकीवर बसून करत होतो, हे आधी सांगायला हवं होतं. आमच्या पिंपळझोरा हायस्कुलात कार्यालय आहे, कार्यालयात टेबल आहे, टेबलावर 'दि. ना. निकुरे, कनिष्ठ लिपिक' अशी माझ्या नावाची पाटीही आहे. फक्त नेटवर्क नाही. ते टाकीच्या चबुतऱ्यावर, पूर्वेकडे तोंड करून बसलं तरच येतं. त्यामुळे पाहुणे आले की शिपाई लच्छूभाऊ त्यांना आधी माझी पाटी दाखवतो आणि मग बोट वर करतो.

खाली उतरून मी कापगते सरांना, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगितलं की दहावीतली दुबार नोंद काढली.

"कोणाची?" सरांनी विचारलं.

"चंदा लटारू मेश्राम."

सरांनी चष्मा काढला. "निकुरेबाबू, त्या दोन आहेत."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दोघींना मी सहावीपासून ओळखतो. पण कागदावर माणूस दिसत नाही, नाव दिसतं. एक चंदा गावातली, बौद्ध कुटुंबातली. दुसरी अर्ध्या कोसावरच्या टोलीतली, म्हणजे पाड्यावरची, गोंड कुटुंबातली. मेश्राम हे आडनाव आमच्या भागात कोणत्याच एका समाजानं स्वतःपुरतं ठेवलेलं नाही, आणि लटारू नावाचे तर एकट्या पिंपळझोऱ्यात पाचजण आहेत. दोघींचा जन्म एकाच कोजागिरीचा. दोन्ही घरांनी वर बघितलं, तर चंद्र एकच होता. एवढं होऊन त्या दोघी पहिलीपासून एकाच बाकावर बसतात. शिक्षक एकीला 'गावची' म्हणतात, एकीला 'टोलीची'. पोर्टलमध्ये या दोन्ही शब्दांना रकाना नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चार्ज करून मी टाकीवर चढलो. उरलेली चंदा कोणती ते बघितलं. प्रवर्ग गावच्या चंदाचा होता, पत्ता टोलीचा. उंची एकीची, वजन दुसरीचं. म्हणजे पोर्टलनं एकीला काढलं नव्हतं, दोघींना एकत्र कालवलं होतं.

मधल्या सुटीत त्या दोघी टाकीखाली येऊन उभ्या राहिल्या. बातमी लच्छूभाऊनं फोडली होती.

"सर, मी आहो का नाई?" गावच्या चंदानं खालून विचारलं.

"आहेस."

"मंग मी?" टोलीची म्हणाली.

"तूही आहेस. म्हणजे... दोघी मिळून आहात."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "म्हंजे आमी दोघी मिळून एक आहो?"

"सध्या तरी."

"मंग पेपर कोन देईन, सर?" गावची म्हणाली. "माहं गनित चांगलं हाय, इचं मराठी. वाटून घेऊ का?"

त्या हसत निघून गेल्या, पण वळताना टोलीची चंदा हसत नव्हती. टोलीतून दहावीला बसणारी ती दुसरीच मुलगी. पहिली बसली ती आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते आणि सुटीत आली की सगळ्या टोलीची नाडी बघते. हिलाही तेच करायचं होतं. बोर्डाचा फॉर्म पोर्टलच्या नंबरावरून भरला जातो, आणि फॉर्मची मुदत अठरा दिवसांवर आली होती. नंबर एक, मुली दोन.

मी राहतो वडशाला, रेल्वे लाइनच्या अलीकडे. संध्याकाळी घरी आलो तेव्हा शेजारचे बापूराव आमच्या अंगणात खुर्ची टाकून बसलेले होते. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांचं काम वाढलं आहे, कारण आता ते सगळ्याच खात्यांचं बघतात.

मी सगळं सांगितलं. बापूराव डोळे मिटून ऐकत होते.

"सोपं आहे," ते म्हणाले. "अॅफिडेव्हिट."

बापूरावांकडे प्रत्येक गोष्टीला अॅफिडेव्हिट असतं. आमच्या घरात मुंग्या झाल्या तेव्हाही त्यांनी तेच सुचवलं होतं, असं माझी बायको रंजीता म्हणते. पण ती जरा वाढवून सांगते.

"कशाचं अॅफिडेव्हिट?"

"की या दोघी दोन आहेत."

"कोण करणार?"

"त्याच करतील. मी चंदा लटारू मेश्राम प्रतिज्ञेवर कथन करते की, मी चंदा लटारू मेश्राम नाही." बोलता बोलता बापूराव थांबले. बहुधा त्यांच्याही लक्षात आलं. पण माघार घेणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. "शब्द जरा इकडचे तिकडे करावे लागतील," ते म्हणाले.

रंजीता आतून म्हणाली, "त्यापरीस तुमी 'होय' काऊन दाबलं थे सांगा आधी." मी हातपाय धुवायला मोरीत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात गेलो. तिथले विस्तार अधिकारी दुधपचारे साहेब मान वर न करता काम करतात. खाली बघून ऐकतात, खाली बघून बोलतात, आणि समोरच्याचे बूट बघून त्याचा दर्जा ठरवतात. मी चपलेत होतो.

"दोन मुलींना पोर्टलनं एक केलंय साहेब. परत दोन करायच्या आहेत."

"त्या दोन आहेत याला पुरावा?"

"मी रोज बघतो ना साहेब."

"तुमचं बघणं अभिलेखात येत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला आणा, जातीचे आणा, आधार आणा."

ग्रामपंचायतीचा दाखला दोन दिवसांनी मिळाला. ग्रामसेवक नवीन होते, उत्साही होते आणि त्यांच्याकडे एक जुना नमुना होता. त्यांनी लिहिलं : 'दाखला देण्यात येतो की, मौजा पिंपळझोरा येथील कु. चंदा लटारू मेश्राम व कु. चंदा लटारू मेश्राम यांचा एकमेकींशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही.' खाली सही, शिक्का, सगळं नीट.

तो मी कौतुकानं दोघींना वाचून दाखवला. 

"आमचा काहीच संबंध नाई काऊन लिवलं, सर?" टोलीच्या चंदानं विचारलं.

"तसं कागदावर लिहावं लागतं."

"दहा वर्सं झाले आमाले एका बाकावर. शिक्का मारून लिवलं संबंध नाई?"

गावची चंदा उठून उभी राहिली. "सर, असं लिवलेलं कागद आमी नाई देऊ देनार कोनाले."

मी त्यांना समजावलं, नियम सांगितला, आवाज चढवला, मग उतरवला. शेवटी ग्रामसेवकाकडे परत गेलो. दुसऱ्या दाखल्यात 'संबंध नाही'च्या पुढे 'मैत्रीव्यतिरिक्त' असा शब्द कुठे बसवायचा यावर आमचा अर्धा तास गेला. त्यांचं म्हणणं, मैत्रीला ग्रामपंचायत अधिनियमात तरतूद नाही. माझं म्हणणं, मनाई तरी कुठे आहे? तो शब्द बसला.

हा सगळा गठ्ठा घेऊन मी दुसऱ्यांदा साहेबांसमोर उभा राहिलो. या वेळी बूट घालून.

साहेबांनी आधी जातीचे कागद बघितले. "हा अनुसूचित जाती. हा अनुसूचित जमाती."

"बघा ना साहेब. म्हणजे दोन वेगळ्या."

"नाही. एका ठिकाणी 'म' जास्त पडलाय. टायपिंग मिस्टेक."

मी म्हणालो, साहेब, खरोखरच एक जातीत आहे आणि एक जमातीत. त्यांनी आधार कार्डं उलटून पाहिली. दोन्ही कार्डांवरचे फोटो मुली पाच वर्षांच्या असताना काढलेले होते. दोघींना दोन-दोन शेंड्या, दोघी रडताहेत. नाव एक, जन्मतारीख एक, गाव एक, फक्त नंबर निराळे.

साहेबांनी पहिल्यांदा थोडी मान वर केली, माझ्या छातीच्या खिशापर्यंत. "एका मुलीचे दोन आधार? निकुरे, हे तर आणखी गंभीर आहे."

मी गठ्ठा उचलून बाहेर आलो. जितका पुरावा न्यावा तितकी चंदा जास्तच एक होत होती आणि मी जास्तच गुन्हेगार होत होतो. मैत्रीचा दाखला तर त्यांनी उघडलाही नाही.

कापगते सर म्हणाले, "कागद राहू द्या. प्रत्यक्ष मुलींनाच उभं करा."

मला हे आधी का सुचलं नाही, असं तुम्ही म्हणाल. कारण कार्यालयात माणूस नेणं हा आमच्याकडे शेवटचा उपाय असतो.

पण दिवस धानकापणीचे होते. टोलीची चंदा आईबरोबर बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात होती, दोन दिवस येऊ शकत नव्हती. मी विचार केला, आज एक नेऊ, परवा दुसरी. दोन्ही बघितल्यावर साहेबांच्या लक्षात येईलच. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेला हा सगळ्यात भाबडा विचार.

गावची चंदा आणि तिचे वडील लटारूभाऊ यांना घेऊन मी एसटीनं गेलो. साहेब खाली बघत म्हणाले, "नाव?" चंदानं नाव सांगितलं. साहेबांनी विचारलं, "दुसरी कुठंय?" मी म्हणालो, "परवा." साहेबांनी काहीतरी टिपलं.

दोन दिवसांनी टोलीची चंदा आणि तिचे वडील आले. साहेब खाली बघतच म्हणाले, "नाव?"

"चंदा लटारू मेश्राम."

"ही तर येऊन गेली."

"ती वेगळी साहेब! ही बघा, ही उंच आहे."

"मुलं वाढतात," साहेब म्हणाले. "आणि हे कोण?"

"मी लटारू मेश्राम, सायेब," चंदाचे वडील हात जोडून म्हणाले. "इचा बाप."

"बघा, बाप पण तोच."

"त्यो नाई सायेब. त्यो लटारू अलग. मी ह्यो लटारू."

"मी तेच म्हणतोय, लटारू ना तुम्ही?"

"हो सायेब."

"मग झालं."

 बसस्टँडवर चहा घेताना टोलीच्या लटारूभाऊंनी मला हळूच विचारलं, "बाबू, त्या लटारूले अन् मले एक करून टाकलं तर नाई ना तुमी? मले वावर हाय दोन एकर." मी नाही म्हणालो, पण छातीठोकपणे नाही.

तीन दिवसांनी टपालानं नोटीस आली, कारणे दाखवा. 'एकाच विद्यार्थिनीस दोन वेळा दर्शवून पटसंख्या फुगविल्याचे तसेच सदर विद्यार्थिनीस तिच्या पालकासह दोन वेळा कार्यालयात हजर करून दिशाभूल केल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा सात दिवसांत सादर करावा.'

कापगते सर येत्या मे महिन्यात निवृत्त व्हायचे. त्यांनी नोटीस वाचली, घडी घातली, पुन्हा उघडली. "एकतीस वर्षांत मला कुणी कारणं विचारली नव्हती निकुरेबाबू," ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त खिडकीबाहेर टाकीकडे बघत बसले.

मी शाळेतला सगळ्यात कमी महत्त्वाचा माणूस असेन, पण माझ्या कामाबद्दल मला अभिमान होता. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसते. दाखल्यावरचं माझं अक्षर बघून एका पालकानं 'छापलेलं का जी?' असं विचारलं होतं. त्याच मला ही नोटीस आता बोगस विद्यार्थी दाखवणारा माणूस म्हणत होती. त्या संध्याकाळी बापूराव अंगणात येऊन बसले तेव्हा मी मागच्या दारानं घरात शिरलो.

मुदतीला चार दिवस उरले. मी ठरवलं, दोघींना एकदमच न्यायचं. वडील तर मळणीत गुंतले होते, म्हणून बरोबर आया आल्या. गावच्या चंदाची आई रुखमाबाई, टोलीच्या चंदाची आई सुकरीबाई. सहावा आला लच्छूभाऊ.

लच्छूभाऊला मी बोलावलं नव्हतं. तो दिवसा आमचा शिपाई आहे आणि दिवाळीपासून पुढं गावोगावच्या मंडयांत, म्हणजे जत्रांत, झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. खलनायक पाटील ही त्याची ठरलेली भूमिका. बायका त्याला रस्त्यात बघून पदर तोंडाला लावतात, इतकं त्याचं काम चांगलं. तो म्हणाला, "बाबू, तुमचा आवाज सायबापरेंत पोचून नाई राह्यला. बोलाचं मी बघतो."

आम्ही सहाजण साहेबांच्या टेबलासमोर ओळीनं उभे राहिलो. साहेब खाली बघत म्हणाले, "नाव?"

दोघी एकदम म्हणाल्या, "चंदा लटारू मेश्राम."

"एकेकीनं बोला."

"चंदा लटारू मेश्राम."

"चंदा लटारू मेश्राम."

"तेच तेच काय सांगता?"

इथे लच्छूभाऊ एक पाऊल पुढे आला. त्यानं उजवा हात वर केला आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाला, "साहेब! ह्या दोन लेकरांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगा, की ही एकच आहे! सांगा!"

कार्यालयातले पंखे सोडून सगळं थांबलं. पलीकडच्या टेबलावरच्या बाबूच्या हातातला शिक्का हवेतच राहिला. दुधपचारे साहेबांनी मान वर केली. पूर्ण. मला पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले, घारे होते.

"तुम्ही..." साहेब म्हणाले, "मागच्या मंडईला सुनेची जमीन हडपणारा पाटील तुम्हीच ना?"

"मीच तो पापी," लच्छूभाऊ वाकून म्हणाला.

"आमची आई तुम्हाला तीन दिवस शिव्या देत होती."

"मायचा आशीर्वाद हाय, सायेब."

साहेब हसले. हसता हसता त्यांची नजर त्या दोघींवर गेली, एकीवरून दुसरीवर आणि पुन्हा पहिलीवर. हसू विरत गेलं. "या दोन आहेत," ते मला म्हणाले, जणू मी उलट म्हणत होतो. मग त्यांनी हाक मारली, "करिष्मा!"

कपाटांच्या मागून एक तिशीतली बाई आली. या कार्यालयाची डेटा ऑपरेटर. मी सोळा दिवसांत चार वेळा इथे येऊन गेलो होतो, पण कपाटामागे कुणी बसतं हे मला ठाऊकच नव्हतं. ती आम्हाला तिच्या संगणकाजवळ घेऊन गेली आणि तिनं एक मिनिटात नोंद उघडली.

"विलग होते ना सर," ती म्हणाली. "पर नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, यातलं एक तरी अलग पाहिजे. जात, आधार, पत्ता थे नाई धरत."

"आईचं नाव वेगळं आहे!" मी जवळजवळ ओरडलोच. "या सुकरीबाई, या रुखमाबाई!"

"इथं तर दोन्हीकडे सारखंच आहे," करिष्मा म्हणाली आणि तिनं पडदा आमच्याकडे वळवला.

'आईचे नाव : लागू नाही.' दोन्ही जुन्या नोंदींत तेच.

मला एकदम सगळं आठवलं. यंदा शाळा उघडल्यावर पोर्टलमध्ये आईच्या नावाचा रकाना सक्तीचा झाला होता. दोनशे बारा मुलं, शेवटचा दिवस, मी टाकीवर. नावं भरल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं. यादीत एक पर्याय होता, 'लागू नाही'. तो एकदा निवडला की सगळ्यांना एकदम लागायचा. मी लावला होता. नंतर सवडीनं नावं भरू असं ठरवलं, आणि ती सवड काही मिळाली नाही.

"काय लिवलं हाय?" रुखमाबाईंनी लेकीला विचारलं.

गावच्या चंदानं वाचून दाखवलं. "आईचं नाव, लागू नाई."

"लागू नाई म्हंजे?"

 लच्छूभाऊ छताकडे बघू लागला. रुखमाबाई माझ्याकडे वळल्या. "बाबू, मी दरसाली पालक सभेले येतो. रजिस्टरवर सही करतो. अन् मी लागू नाई?"

"कोणी भरलं हे?" साहेबांनी मागून विचारलं.

पोर्टलवर भरणाऱ्याचं नाव येत नाही. मला 'आधीचे लिपिक' म्हणता आलं असतं, 'सिस्टिम' म्हणता आलं असतं. सिस्टिमवर ढकललेलं कुणीच परत आणत नाही. मी तोंडही उघडलं होतं. पण सुकरीबाई त्या अक्षरांकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या नुसत्या बघत होत्या, की आपण कुठे नाही आहोत ते.

"मी भरलं," मी म्हणालो. "दोघींचंच नाही. शाळेतल्या सगळ्या पोरांचं. दोनशे बारा."

साहेबांनी खुर्ची ओढली आणि बसले.  खुलाशाचं दोन पानी उत्तर माझ्या खिशात होतं, त्यात पोर्टलला आठ ठिकाणी दोष दिलेला होता. ते खिशातच राहिलं.

"बाई, नाव सांगा," करिष्मानं सुकरीबाईंना विचारलं.

"सुकरी."

तिनं टाइप केलं. मग रुखमाबाईंचं. मग कुठलीशी कळ दाबली. यंत्र जरा वेळ फिरत राहिलं, आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. चंदा लटारू मेश्राम, आई सुकरी. चंदा लटारू मेश्राम, आई रुखमा. उंची जिची तिला, वजन जिचं तिला. जाती गावात, जमाती टोलीत.

"झालं?" मी विचारलं. सोळा दिवस, मैत्रीचा दाखला, दोन लटारू, एक नोटीस.

"झालं की," करिष्मा म्हणाली. "पहिल्याच दिवशी मले विचारलं असतं तर..."

"माय लागू झाली का आता?" रुखमाबाई म्हणाल्या. दोन्ही चंदा हसू दाबत होत्या. मी 'हो' म्हणालो. या वेळी तरी प्रश्न नीट कळून.

नोटिशीचं काय झालं? साहेबांनी 'पटसंख्या फुगविणे' खोडलं आणि जागेवर 'निष्काळजीपणा' लिहिलं. ते मला मान्य होतं. कापगते सरांचं नाव त्यांनी काढून टाकलं. शिक्षा म्हणून दोनशे बारा आयांची नावं दहा दिवसांत भरायची होती.

फॉर्म मुदतीच्या आदल्या दिवशी गेले, दोन. मग दहा दिवस आमच्या टाकीखाली आयांची रांग लागायची. मुलांकडून नावं मागवली असती तर चाललं असतं, पण आता ती मला आयांच्याच तोंडून ऐकायची होती. काहीजणींनी माहेरचं सांगितलं, मग सासरचं. एक आजी नातवाची आई म्हणून स्वतःचंच नाव भरून घ्यायला अडून बसल्या. वाढवलं मीच म्हणत होत्या. मी वर बसून विचारायचो, त्या खालून सांगायच्या, आणि निघताना बहुतेकजणी थांबून म्हणायच्या, "वाचून दाखवा बरं." मी वाचून दाखवायचो, जोरात, लच्छूभाऊसारखं.

फेब्रुवारीत हॉल तिकिटं आली. गावची चंदा तिचं स्वतः घेऊन गेली. टोलीचं न्यायला मात्र सुकरीबाई आल्या. मी कागद त्यांच्या हातात दिला.

"माहं नाव कुठी हाय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून स्वतःचं ठेवलं. थोडा वेळ ते तसंच ठेवलं. मग कागदाची नीट चौघडी करून पदरात बांधली.

"बाई, ते चंदाकडे द्या. परीक्षेला लागतं."

"परीक्षेच्या दिवशी देतो," त्या म्हणाल्या. "हरवून टाकते थे पोट्टी."

मी चंदाला झेरॉक्स काढून दिली. परीक्षेच्या पहिल्या दिवशी मला केंद्रावर ड्युटी होती. फाटकाबाहेर पोरं पुस्तकं चाळत उभी होती, आणि त्यांच्या पुढे, सगळ्यात पहिल्या नंबरावर, नवं लुगडं नेसून सुकरीबाई. फाटकावरच्या माणसानं त्यांच्या हातातलं हॉल तिकीट बघितलं आणि विचारलं, "कोणाचं आहे बाई हे?"

"माहं," सुकरीबाई म्हणाल्या. मग मागे वळून लेकीला पुढे ओढलं. "अन् इचं."